मागच्या बांकावरची उमेदवारी

'उमेदवारी' या शब्दाचें नशीब मोठें चमत्कारिक आहे. आज तो उच्चारला कीं निवडणूक, गळ्यांतले हार आणि अनामत रकमेची चिंता डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु शंभर वर्षांपूर्वीं हाच शब्द मराठी घरांतून अगदीं निराळ्या सुरांत ऐकूं येत असे. मुलगा चार इयत्ता शिकला, त्याचें अक्षर बरें वळलें, कीं वडील त्याला मामलेदाराच्या कचेरींत किंवा एखाद्या वकिलाकडे उमेदवार म्हणून नेऊन बसवीत. पगार नाहीं, हुद्दा नाहीं. पुढेंमागें जागा रिकामी झाली तर आपली वर्णी लागेल, एवढी उमेद काय ती पदरीं. त्या उमेदीवर मुलगा दफ्तरें बांधी, नकला करी, वरिष्ठांचीं बोलणीं खाई, आणि कोणी मुद्दाम न शिकवितां वर्षा-दोन वर्षांत कचेरी म्हणजे काय तें शिकून जाई.

त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. ती पुष्कळ अंशीं फुकट राबवून घेण्याची पद्धत होती. आणि तिचें दार कोणाला उघडावयाचें हें बहुधा जातगोत व ओळखदेख पाहूनच ठरत असे. परंतु ती गेली तेव्हां तिच्याबरोबर एक सोयही गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांचें काम जवळून पाहण्याची जी एक जागा होती, ती नाहींशी झाली. दोष मात्र सगळेच गेले असें म्हणवत नाहीं, हें मला गेल्या मार्च महिन्यांत कळून आलें.

त्यास कारण झाली आमच्या इमारतींतील एक मुलगी. इंदिरानगर ही नाशकाची तशी नवी वस्ती. गोदावरीच्या घाटाभोंवतालचें जुनें नाशिक येथून दूर. येथें महामार्गाखालचा बोगदा, जॉगिंग ट्रॅकवर सकाळीं फेऱ्या घालणारे पेन्शनर, आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या शिकवणीवर्गांच्या पाट्या. त्या पाट्यांवर मुलांचीं भवितव्यें दोनच रंगांत रंगविलेलीं असतात: एक डॉक्टरचा, दुसरा इंजिनियरचा. अशा वस्तींत दहावीची परीक्षा संपल्याच्या तिसऱ्या दिवशीं ही मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मला सुटीत एखाद्या वकिलांच्या ऑफिसात काम करायचंय. पैसे नकोत. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

"वकील व्हायचंय का तुला?" मीं विचारलें.

"ते अजून ठरवलं नाही. आधी बघायचंय."

हें उत्तर मला आवडलें. आधीं ठरवावयाचें आणि मग पहावयाचें, ही आपल्याकडील रीत. तिचे वडील अंबडच्या कारखान्यांत कामाला. घरांत, नात्यांत कोणी वकील नाहीं. मी इंग्रजीचा प्राध्यापक. कायद्याशीं माझा परिचय पोर्शियाच्या भाषणापलीकडे फारसा नाहीं, आणि पोर्शियानें वकिली केली तीही सोंग घेऊन. तथापि प्राध्यापकाला विद्यार्थी पुष्कळ असतात, आणि त्यांतले कांहीं वकील होतात. मीं तिघांकडे शब्द टाकला.

पहिले म्हणाले, "सर, दहावीची मुलगी? तिला मी काम काय देऊं? आणि पक्षकारांना सांगूं काय?" हें बोलणें चाललें असतांना त्यांचा स्वतःचा नववींतला मुलगा बाजूच्या टेबलाशीं बसून फाइलींना दोऱ्या बांधीत होता. त्याच्याविषयीं पक्षकारांना काय सांगावें, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसला नाहीं. दुसऱ्यांनीं सांगितलें, "लॉ कॉलेजांत नांव घालूं दे, मग खुशाल पाठवा." तिसरे सर्वांत उदार निघाले. ते म्हणाले, "येण्याची तसदी कशाला? प्रमाणपत्र हवें असेल तर तें मी देऊन ठेवतों." न केलेल्या कामाचें प्रमाणपत्र घेण्यास मुलीनें नकार दिला, हें येथें नमूद केलें पाहिजे, कारण अशीं प्रमाणपत्रें घेण्यास वडीलधाऱ्यांची ना नसते, हें मी महाविद्यालयांत दरवर्षीं पाहतों.

वकिलांवर अन्याय होऊं नये म्हणून त्यांची बाजूही सांगतों. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाप्रमाणें वकिलीची सनद मिळण्यास कायद्याची पदवी लागते आणि वयाचीं एकवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं प्रत्यक्ष काम पाहिलें पाहिजे, असें बार कौन्सिलनें २००८ च्या नियमांत ठरवून दिलें आहे. तीन वर्षांच्या शिक्षणक्रमांत निदान बारा आठवडे आणि पांच वर्षांच्या क्रमांत निदान वीस आठवडे त्यांनीं वकील, न्यायालयें, विधिमंडळें किंवा सेवाभावी संस्था यांजकडे घालवावयाचे असतात. म्हणजे उमेदवारी आजही आहे. परंतु ती कॉलेजाच्या दारांतून आंत गेलेल्यांसाठीं. शाळेंतल्या मुलाला तींत जागा नाहीं. शिवाय पक्षकार वकिलापाशीं पोटांतलें ओठांवर आणतो तें विश्वासानें, आणि तो विश्वास पाळण्याचें बंधन कायदा वकिलावर घालतो तसेंच त्याच्या कारकुनांवरही घालतो. परक्या मुलीला त्या बोलण्यांत आणून बसवावें कीं नाहीं, असा संकोच एखाद्या वकिलास वाटला तर तो नुसता बहाणा म्हणून उडवून लावतां येणार नाहीं. खटकतें तें एवढेंच कीं, हा संकोच आपल्या मुलाच्या बाबतींत विरघळून जातो. ज्याच्या घरांत वकिली आहे त्याला ती जेवतांना, झोपतांना, फाइली बांधतांना शिकावयास मिळते. ज्याच्या घरांत नाहीं त्याला ती अठराव्या वर्षापर्यंत बंद कपाटासारखी.

तसें पाहिलें तर या वयांत कायद्याचें काम जवळून पाहणें ही कांहीं थट्टेची गोष्ट नव्हे. चार्ल्स डिकन्स १८२७ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, लंडनच्या ग्रेज इनमधील एका वकिली पेढींत कारकून म्हणून राहिला. तेथें तो दीड वर्षच टिकला. पुढें लघुलेखन शिकून तो कोर्टांतलें कामकाज टिपूं लागला. वकील तो झाला नाहीं. परंतु 'पिकविक'मधला तो हास्यास्पद खटला आणि 'ब्लीक हाउस'मधला पिढ्यान् पिढ्या चालणारा दावा हीं त्या कोवळ्या वयांतल्या पाहण्याचीं फळें आहेत. कोर्टाच्या दिरंगाईवर इंग्लंडांत पुष्कळांनीं लिहिलें; पण त्या दिरंगाईंत माणसें कशीं झिजतात, तें या जुन्या कारकुनासारखें दुसऱ्या कोणीं क्वचितच दाखविलें असेल.

आणि नाशिककरांना तर लंडनपर्यंत जाण्याचें कारणच नाहीं. हिंदुस्थानांतील पहिल्या स्त्री वकील म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें त्या कॉर्नेलिया सोराबजी १८६६ सालीं याच नाशकांत जन्मल्या. १८९२ सालीं त्यांनीं ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, लंडनच्या एका सॉलिसिटरच्या पेढींत बसून कामाचा अनुभव घेतला, आणि मग स्वदेशीं परत आल्या. पण स्त्रीला वकिली करण्यास मज्जाव असल्यामुळें त्यांना वर्षानुवर्षें कोर्टाच्या उंबरठ्याशींच थांबावें लागलें. स्त्रियांच्या आड येणारी ही अडचण दूर करणारा कायदा या देशांत झाला तो १९२३ सालीं; तेव्हां त्यांचें वय सत्तावन्नाच्या घरांत होतें. ही हकीकत मीं त्या मुलीस सांगितली तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे त्यांना सगळं येत होतं, फक्त आत जाता येत नव्हतं." मला काय येतें आणि मला कोठें जातां येतें, या दोन प्रश्नांमधलें अंतर इतक्या थोड्या शब्दांत माझ्या वर्गांतील कोणीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं.

तिच्या त्या बोलण्यावरूनच मला एक गोष्ट सुचली. वकिलाची कचेरी ही खासगी जागा आहे. तेथें जाण्यास त्याची मर्जी लागते. पण कोर्ट ही खासगी जागा नव्हे. दिवाणी व्यवहारसंहितेचें कलम १५३-ब आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें कलम ३६६ हीं दोन्ही सांगतात कीं, जेथें न्याय चालतो ती जागा उघडें न्यायालय समजली जाईल आणि सोयीनें मावतील तेवढ्या लोकांना तेथें प्रवेश असेल. कारण पडल्यास कोणाला बाहेर ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे. अत्याचाराचे व लहान मुलांवरील गुन्ह्यांचे खटले बंद दारांआड चालतात, आणि तें योग्यच आहे. परंतु तो अपवाद. १९६६ सालीं नरेश मिरजकर या पत्रकाराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढें हा प्रश्न आला होता. मुंबईच्या उच्च न्यायालयांतील एका साक्षीदाराची जबानी छापूं नये, असा हुकूम झाला होता. मिरजकर तें प्रकरण हरले. पण न्यायदान उघड्यावर झालें पाहिजे हा सर्वसाधारण नियम त्याच निकालांत ठामपणें सांगितला गेला. पुढें स्वप्नील त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्यानें तक्रार केली कीं, सर्वोच्च न्यायालयांत सोमवारीं व शुक्रवारीं उमेदवार विद्यार्थ्यांना दालनांत येऊं देत नाहींत. त्याच्या व इतरांच्या अर्जांवर २०१८ सालीं न्यायालयानें कामकाजाचें थेट प्रक्षेपण करण्यास तत्त्वतः मान्यता दिली, आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील सुनावण्या घरबसल्या पाहतां येऊं लागल्या. एका विद्यार्थ्याला दाराशीं अडविलें, म्हणून सगळ्या देशाला खिडकी मिळाली.

तेव्हां मीं तिला म्हटलें, "वकिलांचं राहू दे. आपण कोर्टातच जाऊ. तिथे कोणाची चिठ्ठी लागत नाही."

येथें पंचांगाची एक अडचण मुलांनीं ध्यानांत ठेवावी. शाळेची उन्हाळी सुटी ऐन भरांत येते त्याच मे महिन्यांत दिवाणी न्यायालयांचीही सुटी लागते. दहावीच्या मुलांना मात्र परीक्षा संपल्यापासून मेच्या आरंभापर्यंतचा दीड महिना मोकळा सांपडतो, आणि तेवढ्या काळांत कोर्टें पूर्ण चालू असतात. सी. बी. एस.जवळच्या जिल्हा न्यायालयांत पहिल्या दिवशीं मी तिच्याबरोबर गेलों. फाटकाशीं शिपायानें विचारलें, तिनें शाळेचें ओळखपत्र दाखविलें, "नुसतं ऐकायला आलेय" म्हणून सांगितलें, आणि त्यानें आम्हांला सोडलें. मोबाइल बंद करून आम्ही एका दालनांत मागच्या बांकावर जाऊन बसलों.

पहिला तास निराशेचा गेला. शिपाई पुकारा करी, काळे कोट पुढें सरसावत, दोन वाक्यें होत, आणि तारीख पडे. पुन्हां पुकारा, पुन्हां तारीख. सिनेमांतील कोर्ट पाहून आलेल्यास हें फार आळणी वाटतें. परंतु बाराच्या सुमारास एक म्हातारा शेतकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला आणि त्याचा उलटतपास सुरू झाला. सर्व मराठींत, कारण १९९८ च्या अधिसूचनेनें जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविलेली आहे. वकिलानें विचारावें, म्हाताऱ्यानें "न्हाई साहेब" म्हणावें, आणि न्यायाधीशांनीं टंकलेखकास सांगावें: "असें म्हणणें खरें नाहीं कीं, मी खोटी साक्ष देत आहें." म्हाताऱ्याचें तें दोन शब्दांचें उत्तर कागदावर असें राजवस्त्र घालून बसलेलें पाहून मुलीला हंसूं आलें. तिनें तें वाक्य वहींत उतरून घेतलें. मग तिचें हंसणें थांबलें. बाहेर आल्यावर जिन्यांत ती म्हणाली, "काका, आईलाही एक दिवस असंच उभं राहावं लागेल. आणि मामा समोर बसलेला असेल."

तेव्हां मला खरी हकीकत कळली. तिच्या आईचें माहेर निफाड तालुक्यांत. ज्या निफाडांत १८४२ सालीं न्यायमूर्ति रानडे जन्मले, तेथल्याच दिवाणी कोर्टांत गेलीं तीन वर्षें आईचा वाटपाचा दावा पडून आहे. आजोबा वारल्यावर मामानें हक्कसोडपत्राचा कागद सहीसाठीं आणला. आईनें सही केली नाहीं. तेव्हांपासून दर सुटींत द्राक्षांच्या बागेंत जाणें बंद, रक्षाबंधनाचें येणेंजाणें बंद. घरांत या विषयावर कोणी बोलत नाहीं. महिन्या-दोन महिन्यांनीं 'तारीख' हा एक शब्द मात्र ऐकूं येतो. "आईचं बरोबर आहे की मामाचं, ते मला कोणी सांगतच नाही," ती म्हणाली. तिला अनुभव हवा होता तो प्रमाणपत्राकरितां नव्हे, आणि धंदा निवडण्याकरितांही नव्हे. आपल्या घरांत शिरलेल्या कायद्याला बोलतें करावें, एवढीच तिची इच्छा होती.

त्या एप्रिलांत ती एकटीच अकरा-बारा वेळां जाऊन आली. वहींत शब्द जमत गेले: दावा, कैफियत, निशाणी, वकीलपत्र, हुकूमनामा. एका वकिलाच्या वयस्क कारकुनानें, रोज दिसणारी ही मुलगी कोण म्हणून चौकशी केली, आणि पुढें तो तिला बाहेर लावलेला बोर्ड कसा वाचावा, प्रकरणाच्या क्रमांकावरून मोबाइलवर तारीख कशी पाहावी, हें सांगूं लागला. शेवटीं तिनें आईजवळून दाव्याचे कागद मागून घेतले आणि मामाची कैफियत वाचली. आईनें ती कधींच वाचली नव्हती. "वकील बघताहेत ना" एवढ्यावर तिचें समाधान होतें. कैफियतींत लिहिलें होतें कीं, घरांतली वाटणी आजोबांच्या हयातींत, २००४ पूर्वींच, तोंडी झालेली आहे. 'तोंडी' या शब्दाशीं मुलगी अडली. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतःच मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधीं झालेल्या वाटण्यांना मात्र ती लागू नाहीं. पण तशी वाटणी नोंदलेल्या दस्तानें किंवा कोर्टाच्या हुकुमानें झालेली असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालच्या विनीता शर्मा प्रकरणांत सांगितलें कीं, नुसत्या तोंडी वाटणीवर सहसा विश्वास ठेवावयाचा नाहीं. सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद. हें सर्व तिला त्या कारकुनानें व आईच्या वकिलांनीं समजावून दिलें, आणि तिनें तें संध्याकाळीं स्वयंपाकघरांत आईला समजावून दिलें.

यानें घरांत आनंदीआनंद झाला असें वाचकांनीं समजूं नये. आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे दादा खोटं बोलतोय, असंच ना?" मुलगी म्हणाली, "तसं नाही गं. आजोबांनी तोंडाने सांगितलंही असेल. पण कोर्टाला तेवढ्याने चालत नाही." या उत्तराला मी फार किंमत देतों. घरांतल्या भांडणांत एकच प्रश्न असतो, खरा कोण आणि खोटा कोण. कोर्टांत त्याच्या शेजारीं दुसरा एक थंड प्रश्न येऊन बसतो, सिद्ध काय झालें. तो दुसरा प्रश्न ओळखल्यावर पहिल्याची धार थोडी कमी होते. मामा एकाएकीं राक्षस उरत नाहीं, आणि आई एकाएकीं लोभी ठरत नाहीं. कायद्याचें हें पहिलें शिक्षण मला महत्त्वाचें वाटतें, आणि तें पुस्तकापेक्षां मागच्या बांकावर लवकर मिळतें असें आतां माझें मत झालें आहे.

माझे एक सहकारी यावर म्हणाले, "पंधरा वर्षांच्या पोरीनें कोर्टाची पायरी कशाला चढावी? शहाण्यानें ती चढूं नये, असें आपले वडील सांगत आले." वडील सांगत आले हें खरें. पण ती म्हण आपण मुलांना सांगतों, आणि पायरी मात्र आपल्या घराच्या अंगणापर्यंत केव्हांच आलेली असते. ज्यांच्या घरीं दावा नाहीं त्यांच्याकडे भाडेकरार आहे, अपघाताची भरपाई आहे, न वटलेला धनादेश आहे. मुलांनीं कोर्ट पाहिलें तर त्यांना भांडणाची चटक लागेल ही भीति मला खरी वाटत नाहीं. दहा दिवस तारखा पडतांना पाहिलेला मुलगा उद्यां दावा लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करील, हेंच अधिक संभवनीय आहे. सांभाळावयाचें तें एवढेंच: मोबाइल बंद ठेवावा, ऐकलेलीं नांवें बाहेर सांगूं नयेत, दालन बंद असेल तेथें डोकावूं नये, आणि दुसऱ्याच्या दुःखाकडे तमाशा म्हणून पाहूं नये. आणि वकीलमंडळींना एक विनंति: आपल्या मुलाला फाइली बांधावयास बसवितां तेव्हां त्याच टेबलाशीं आणखी एक खुर्ची ठेवतां येईल. पक्षकाराची गुप्त बोलणीं चाललीं असतांना दोन्ही मुलांना बाहेर पाठविलें म्हणजे झालें.

मुलगी आतां अकरावींत आहे. वकील होणार का, या प्रश्नाचें तिचें उत्तर अजून तेंच आहे. निफाडच्या दाव्यांत पुढील महिन्यांत साक्षीपुरावा सुरू व्हावयाचा आहे, आणि आईनें, आजवर वकिलांवर सोंपवून घरीं बसणाऱ्या आईनें, स्वतः जाण्याचें ठरविलें आहे. मुलीला तिच्याबरोबर जावयाचें आहे. तारीख बुधवारची आहे. त्या दिवशीं कॉलेजांत प्रात्यक्षिक असतें, आणि हजेरीविषयीं कॉलेज हल्लीं कडक झालें आहे. तिच्या वडिलांनीं मला विचारलें, काय करावें. मीं सांगितलें, जाऊं द्या. एका दिवसाची गैरहजेरी लागेल, ती लागूं द्यावी. तीस वर्षें वर्गांत हजेरी घेत आलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, एवढें मात्र तिच्या प्राचार्यांना कोणी कळवूं नये.